समशेरची नखं आणि आप्पा

ताडकळसला आम्ही ज्यांच्या घरात भाड्यानं राहिलो ते गुरुलिंगआप्पा गावातले जुने किराणा दुकानदार. पण त्यांची ओळख दुकानावरून कुणी सांगत नसे. "ते न्हाई का, एका पायात नवी वहाण आन दुसऱ्या पायात जुनी घालून बाजारात हिंडणारे," असं म्हटलं की शेंबडं पोरदेखील घर दाखवायचं.

गोष्ट खरी होती. पाथरीच्या चांभारानं नवा जोड करून आणला तेव्हा आप्पांनी त्यातली एकच वहाण घातली. "दोनी पायात नवी घातली तर जुनीपरीस चांगली का वाईट, हे कोणत्या पायाला इचारू?" असा त्यांचा सवाल. लोक हसले. चांभारही हसला, पण जरा बिचकतच. कारण आप्पांनी पसंत केलेली वस्तू गाव बिनघोर घ्यायचं आणि नापसंत केलेली त्या बाजारात पुन्हा खपायची नाही.

तेव्हा आमच्याकडं निझामाचं राज्य होतं. आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, तिथल्या शाळेत दिवसभर उर्दूत शिकवायचे आणि घरी येऊन मराठीत कुरकुरायचे. सासू लांब गंगाखेडला, पदरात अजून लेकरू नाही, त्यामुळं मला वेळच वेळ. तो सगळा मी आप्पांच्या घरात घालवला. माझी आई म्हणायची की चौकसपणा हा एक रोग आहे. तसं असेल तर आप्पांचा तो जुना होता आणि मला त्यांच्याकडून लागला.

दिसायला आप्पा किरकोळच. कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, डोक्याला रुमाल. कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिचा वास घ्यायचे, मग कानाशी नेऊन हलवायचे, आणि मग म्हणायचे, "आंगावर घेऊन बघितल्याबिगर कळत न्हाई." हे वाक्य त्या घरात दिवसातून इतक्यांदा ऐकू यायचं की आमचे मास्तर भाजीत मीठ कमी पडलं तरी तेच म्हणून दाखवायला लागले.

एकदा नांदेडचा व्यापारी दुकानात कुलपं घेऊन आला. एकदम मजबूत, चोराच्या बापाला उघडायची नाहीत, असं त्यानं सांगितलं. आप्पांनी गावातला एक गृहस्थ बोलावून घेतला. घरफोडीपायी परभणीच्या तुरुंगात राहून आलेला हा माणूस आता सरळ वागत होता. आप्पांनी त्याला मानानं गादीवर बसवलं, चहा दिला आणि कुलूप पुढं ठेवलं. चहा निवायच्या आत कुलूप उघडलं. व्यापाऱ्यानं मुकाट्यानं पेटी आवरली. आप्पा मात्र त्या गृहस्थाला, "हे तुमी कसं करायलाव, जरा दाखवा बरं," म्हणून पुढं बराच वेळ विचारत बसले होते.

हसण्यावारी नेता येईल असंच हे सगळं होतं. पण त्यांच्या बायकोची, आक्कांची, गोष्ट कळल्यावर मला हसू येईना. आक्कांची नजर मी तिथं राहायला जायच्या आधीच गेली होती, हळूहळू, कडेकडेनं अंधारत. वैद्य झाले, परभणीचा दवाखाना झाला. दवाखान्यातून डोळ्यांत घालायचं औषध मिळालं, ते आप्पांनी आधी स्वतःच्या डोळ्यांत घातलं. दोन्ही डोळे लालभडक झाले आणि त्यांना गल्ल्यावर बसता येईना. दुसऱ्या दिवशी बरं वाटल्यावर त्यांनी आक्कांना सांगितलं, "आग व्हती, पर घडीभरच. भिऊ नको." आक्का मला हे सांगताना हसल्या आणि म्हणाल्या, "औषधाचा काई गुण आला न्हाई बघा. पर भ्या वाटलं न्हाई, हे खरं."

आप्पा दिवसभर दुकानात, आणि घरात आक्का एकट्या. पोरबाळ नव्हतं. भिंतीला हात लावत त्या स्वयंपाकसुद्धा करायच्या, पण मागचं दार वाजलं की दचकायच्या. कोण आलं, वारा का माणूस, हे कळायचं नाही. मी असले की ठीक, पण मी काही कायमची नव्हते.

अशात समशेर आला. ठाण्याच्या अमीनसाहेबांचा, म्हणजे तिथल्या फौजदारांचा, तो कुत्रा. वासराएवढा थोराड, काळा, विलायती आणि कारवानी शिकारी अशा सरमिसळ रक्ताचा. अमीनसाहेबांची बदली झाली तेव्हा ते आप्पांना म्हणाले, "आप्पा, आप परखे बगैर कुछ लेते नहीं. इसे भी परख लो." आप्पांनी त्याला आत नेला आणि आक्कांपुढं उभा केला. आक्कांनी चाचपत त्याच्या कपाळावर हात ठेवला. तो खाली बसला आणि त्यानं त्यांच्या मांडीवर मान टाकली. आप्पांनी इतक्या चटकन घेतलेली ही मला माहीत असलेली एकच वस्तू. वाणी लिंगायताच्या घरात गोश्त कुठलं मिळायला? समशेर पहिले काही दिवस परातीकडं आणि आप्पांकडं आळीपाळीनं बघायचा. मग ज्वारीची भाकरी आणि दूध निमूट खायला लागला.

घरभर शहाबादी फरशी होती. तिच्यावर समशेरची नखं वाजायची. टक टक टक टक. आक्कांचा सगळा जीव त्या आवाजात. "आता चुलीपाशी हाय," "आता दारात गेला," असं त्या काम करता करता बोलायच्या. मागचं दार वाजलं आणि समशेर जागचा हलला नाही, की वारा. तो टकटक करत उठला, की माणूस. आक्कांचं दचकणं थांबलं. कितीतरी दिवसांनी त्या गुणगुणायला लागल्या.

पण अमीनसाहेबांच्या घोड्यामागं रोज कोसच्या कोस पळणारा कुत्रा आता घरात बसून होता. पळण्यानं झिजणारी नखं वाढायला लागली. वाढता वाढता ती वाकडी झाली, बोटं तिरपी पडायला लागली, आणि पुढच्या उजव्या पायाचं एक नख तळव्याच्या मांसात रुतायच्या बेतात आलं. समशेर लंगडायला लागला. आप्पांनी न्हाव्याला बोलावलं. त्यानं आपली नराणी लावून एक नख कापलं. माणसाच्या नखातून आतलं मांस गुलाबी दिसतं, पण ह्याची नखं कोळशासारखी. आत जिवंत भाग कुठवर आला आहे ते त्याला काय कळणार? रक्त आलं. समशेरनं न्हाव्याला चावा घेतला नाही, ही त्याची खानदानी. पण त्या दिवसापासून कुणी पायाला हात लावला की तो गुरगुरायचा. आक्कांनी लावला तरीही.

बघायला आलेल्यांनी सल्ले दिले. ठाण्यातला जमादार तर सरळ म्हणाला की एवढं थोराड जनावर लंगडं झालं की निकामी, पाय सडायच्या आत गोळी घालणं बरं, मीच घालतो. आक्का दाराआड उभ्या होत्या. त्या संध्याकाळी त्या चुलीपाशी गेल्या नाहीत, समशेरच्या गळ्यात हात टाकून भिंतीशी बसून राहिल्या. भाकरी मी थापल्या.

"कापायचं न्हाई," आप्पांनी ठरवलं. "घासायचं. कापलं की एकदम जातं, घासलं की येता येता थांबता येतं." मग कशानं घासायचं, ह्याचा तपास सुरू झाला.

आणि काही आठवड्यांनी मला दिसलं की आप्पांच्या दोन्ही पायांच्या अंगठ्यांची नखं भलतीच वाढली आहेत. मी आक्कांना हळूच सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "अवो, तुमी नखं वाढवायलाव काय?" आप्पा म्हणाले, "मग काय त्याच्या पायावर शिकू? कुत्र्याचं नख म्हंजे पायाचंच. आंगावर घेऊन बघितल्याबिगर कळत न्हाई." त्यांच्याकडं येणारे जंगमस्वामी पाद्यपूजेला बसले तेव्हा त्यांची नजर नेमकी आप्पांच्या अंगठ्यांवर गेली. स्वामींनी विचारलं, काही नवस आहे का? "तपास हाय," आप्पा म्हणाले.

सुताराची कानस आली. ती नखात अडकायची आणि प्रत्येक ओढीला बोटाच्या मुळाशी हिसका बसायचा. बाद. सोनाराची बारीक कानस गुळगुळीत चालायची, पण समशेरच्या नखापुढं तिचे दात भरून जायचे. बाद. विटेचा तुकडा भुगा पाडायचा, तो भुगा मांसात गेला की चुरचुरायचं. आक्कांनी आपली न्हाणीतली टाच घासायची वजरी दिली. तिच्यावर आप्पांचा बराच लोभ जडला, कारण ती आवाज करत नव्हती आणि पाण्यात भिजवली की गार राहायची. पण भाजलेली माती ती, थोड्या वेळात गुळगुळीत होऊन नुसती सरकायची. "माणूस चांगला हाय, पर कामाला कच्चा," असा तिच्याबद्दल शेरा देऊन त्यांनी ती जागेवर ठेवली.

मग बाजारच्या दिवशी आप्पा हुसेनभाई शिकलगाराकडं गेले. मीही भाजीचं निमित्त करून गेले, नाहीतर मला झोप लागली नसती. हुसेनभाई विळे-सुऱ्यांना धार लावायचा. त्याची बायको चामड्याची वादी ओढायची आणि साणेचं चाक गरगर फिरायचं. आप्पांनी वहाण काढून अंगठा पुढं केला. हुसेनभाई हातातली सुरी ठेवून बघतच राहिला.

"आप्पा, काइकू मेरी रोटी पे पत्थर डालतंय? अंगूठा गया तो गाव मेरेकू मारेगा!"

"धीरे से घुमाओ," आप्पा म्हणाले.

चाक फिरलं. कर्रर्र असा आवाज आला की माझे दात आंबले. आधी काहीच झालं नाही. आप्पा मान हलवून वा म्हणणार, तेवढ्यात शिंग जळाल्याचा वास आला आणि ते एकदम पाय ओढून उभे राहिले. भोवतीची माणसं पोट धरून हसत होती. आप्पा एका पायावर उभे राहून हुसेनभाईला विचारत होते, "ये गरम एकदम कैसा हुआ? पहिले तो कुछ न्हाई मालूम हुआ."

"नाखून ऐसाच, आप्पा. देर से तपता, मगर तपा तो छोडता नई."

म्हणजे चाकाची धार हवी होती, पण त्याचं फिरणं नको होतं. आवाज फिरण्याचा, चटकाही फिरण्यानंच बसणारा. आप्पा तिथंच धुळीत बसून विचार करत राहिले. हुसेनभाईच्या सामानात फुटक्या साणेचा एक तुकडा पडला होता. कुरुंदाच्या दगडाची बारीक पूड लाखेत कालवून ह्या साणा करतात. तो तुकडा आप्पांनी उचलला, वास घेतला, कानाशी नेला.

"वो फेंकने का हाय, आप्पा."

"मेरेकू वोईच होना," आप्पा म्हणाले.

लाख ती, ऊब लागली की मऊ पडते. आप्पांनी तो तुकडा निखाऱ्यावर धरला, बाभळीच्या मुठीवर बसवला, आणि गरम असतानाच त्यात बोटाएवढी ओली काडी दाबून एक पन्हाळ पाडली, नख नेमकं बसेल अशी. थंड झाल्यावर स्वतःच्या राहिलेल्या अंगठ्यावर ती चालवली. पाणी लावून, दोन हात मारायचे, थांबायचं, बोटानं ऊब बघायची. आवाज फक्त खसखस. हिसका नाही, जळका वास नाही. आप्पांचा चेहरा असा फुलला की मला वाटलं आता हे मला पण अंगठा पुढं करायला सांगतात.

समशेरला ते पटवायला मात्र वेळ लागला. आधी ती साण नुसतीच त्याच्या परातीशेजारी ठेवली. मग ती हातात धरून गुळाचा खडा दिला. मग गूळ खाताना पाठीवर टेकवली, मग पायावर. तो गुरगुरला की आप्पा त्याला "बराबर हाय तुझं," म्हणायचे आणि उठून दुकानात जायचे. असं होता होता एका सकाळी पूजा आटोपून ते बसले आणि समशेरनं स्वतःहून पाय पुढं केला. दिवसाला एकच नख. नखाच्या घासलेल्या टोकावर मधोमध मऊ, ओलसर ठिपका दिसला की हात थांबवायचा, त्याच्या पुढं जीव. ती खूण आप्पांना सापडली तेव्हा त्यांनी मला हाक मारून दाखवली आणि मीही गावभर सांगितली.

रुतणारं नख सुटलं. समशेरची बोटं सरळ झाली. आप्पांनी त्याला मुद्दाम ठाण्यावरून चालवत नेलं, जमादाराला दिसेल असं. आम्ही घरात शिरा केला.

आणि त्यानंतर आक्कांचं गुणगुणणं थांबलं.

माझ्या लक्षात यायला दोनतीन दिवस गेले. त्या दिवसभर हाका मारत होत्या. "समशेर? समशेर?" तो बिचारा प्रत्येक हाकेला यायचा, हात चाटायचा, परत जायचा, आणि लगेच पुन्हा हाक. मागचं दार वाजलं की त्या पुन्हा दचकायला लागल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "त्यांना सांगू नका बाई. लय कष्ट घेतलेत त्यांनी." मी सांगितलंही नाही. पण एका दुपारी समशेर उंबऱ्यात झोपला होता आणि आक्का त्याच्यावर अडखळून पडल्या. मनगट सुजलं. आप्पा दुकानातून धावत आले.

"अगं, तो हितं हाय हे कळलं कसं न्हाई तुला?"

आक्कांचा बांध एकदम फुटला. "कसं कळंल? त्याचा आवाज तुमी घासून टाकलाव!"

आप्पा तिथंच फरशीवर बसले. मला त्यांची इतकी दया आली की मी आत निघून गेले. सगळ्या गावाच्या वस्तू पारखणारा माणूस, स्वतःच्या अंगठ्याची सालं काढून घेणारा, आणि शेजारी बसलेल्या बायकोला एवढं विचारायचं राहून गेलं की तुला काय ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घुंगरू आणून समशेरच्या गळ्यात बांधले. आक्कांनी एक दिवस सोसलं. "काढा ते," त्या म्हणाल्या. "तो आंग खाजवतो तरी वाजतंय. घुंगरू समद्या घरात वाजतंय, नख जिथल्या तिथं वाजतंय." ही गोष्ट आप्पांना फार नवी वाटली. मग त्यांनी समशेरची नखं पुन्हा वाढू दिली, पण रोज तपासत. त्याला घरभर चालवायचं, आक्कांनी बाजेवर बसून ऐकायचं, आणि आक्का सांगतील ते नख घासायचं. हे नको, हे उगीच खरडतंय. ते नको, त्यानं मागच्या पायाचा आवाज दबतोय. शेवटी पुढच्या डाव्या पायाचं कडेचं एकच नख फरशीला जेमतेम टेकेल एवढं ठेवलं. पाय सरळ पडत होता, बोट वाकत नव्हतं. समशेर चालला. टक. जरा वेळानं, टक.

"चुलीपाशी गेला," आक्का म्हणाल्या. आप्पांनी वाकून स्वयंपाकघरात पाहिलं आणि मान डोलावली. आक्कांना मान डोलावलेली दिसत नाही हे ते अजून अधूनमधून विसरायचे.

पुढं मास्तरांची बदली झाली आणि आम्ही गाव सोडलं. मधली वर्षं धामधुमीची गेली. निझामाचं राज्य संपल्यावर, रस्ते मोकळे झाल्यावर, मी गंगाखेडहून मुद्दाम ताडकळसला गेले. आक्का आदल्या उन्हाळ्यात गेल्याचं मला स्टेशनवरच कळलं होतं. काय बोलायचं ते जुळवत मी घरी पोचले. भर दुपार होती, दुकान बंद. दार नुसतंच लोटलेलं.

आप्पा माजघरात आक्कांच्या बाजेवर बसले होते. खूप वाळले होते. डोळे मिटलेले. मला वाटलं, डुलकी लागली असेल. समशेरही म्हातारा झाला होता, तोंडाभोवती पांढरा. तो घरातून सावकाश फिरत होता. टक. बऱ्याच वेळानं, टक.

"कोण?" आप्पांनी डोळे न उघडता विचारलं.

"मी, आप्पा. मास्तरीण."

"बसा बाई. डोळे उघडीत न्हाई म्हणून राग मानू नका." मग ते म्हणाले, "ती गेल्यावर ध्यानात आलं. समदं आंगावर घेऊन बघितलं, हे तेवढं न्हाई बघितलं. तिला कुठवर दिसत व्हतं ते बघायलोय."

मी उंबऱ्यापाशी टेकले. डोळे भरून आले ते मी पुसले नाहीत. बघणारं कुणी नव्हतं. समशेर थबकला, नाक वर केलं, आणि चालत आला. आप्पांनी मान तिरकी करून कान दिला.

"चुलीपाशी गेला," ते म्हणाले.

समशेरनं माझ्या पावलांवर मान टाकली होती. मी त्याच्या कपाळावर हात ठेवला, तशी त्याची शेपटी माझ्यापाशीच फरशीवर आपटली.

"चुकलं न्हवं?"

"चुकलं, आप्पा."

"तिचं कधी चुकलं न्हाई," आप्पा म्हणाले. त्यांनी डोळे उघडले नाहीत. "उठवा बाई त्याला. परत एकदा चालू द्या."